दूरध्वनी-संभाषणाचे खाजगीपण आणि सार्वजनिक सुरक्षितता : तोल कोणी राखावयाचा?

प्रस्तावना

व्यक्तीचे खाजगीपण आणि समाजाची सुरक्षितता या दोन मूल्यांची चर्चा बहुधा तराजूच्या उपमेने केली जाते. एका पारड्यात एकट्या व्यक्तीचा हक्क व दुसऱ्या पारड्यात हजारो लोकांचे प्राण अशी मांडणी एकदा केली की निकाल आधीच लागलेला असतो. एका माणसाच्या गुपितासाठी शेकडोंचा जीव धोक्यात घालण्यास कोणताही समंजस नागरिक संमती देणार नाही. ही उपमा सोयीची आहे, परंतु भारतीय कायद्याची रचना तिच्याशी जुळत नाही. किंबहुना या उपमेमुळेच मूळ प्रश्न झाकला जातो. दोन पारड्यांपैकी जड कोणते, एवढाच हा प्रश्न नाही. तराजू कोणाच्या हातात आहे आणि वजन केल्याचा हिशेब तो कोणाला देतो, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात दूरध्वनी टॅपिंग या एकाच विषयाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. हा विषय निवडण्यास कारण आहे. पोलिसांनी घराची झडती घेतली तर ती घरमालकाला दिसते. पंच बोलाविले जातात, पंचनामा होतो, शेजारीपाजारी साक्षीला असतात. दूरध्वनी ऐकला जातो तेव्हा यांपैकी काहीच घडत नाही. ज्याचा हक्क बाधित झाला त्यालाच ते ठाऊक नसते आणि ज्याला ठाऊक नाही त्याला न्यायालयात दाद मागता येत नाही. म्हणून या क्षेत्रात नागरिकाचे संरक्षण जवळजवळ सर्वस्वी शासनाच्या अंतर्गत व्यवस्थेवर अवलंबून राहते.

हक्काची वाटचाल

भारतीय राज्यघटनेत खाजगीपणाचा हक्क शब्दशः नमूद केलेला नाही. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींच्या पीठाने झडती व जप्तीच्या संदर्भात असा हक्क घटनेत वाचण्यास नकार दिला. पुढे खरक सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात १८ डिसेंबर १९६२ रोजी निर्णय झाला. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या माणसाच्या घरी पोलीस रात्री-अपरात्री येऊन तो घरात आहे की नाही याची खात्री करीत असत. रात्रीच्या या भेटी न्यायालयाने घटनाबाह्य ठरविल्या. मात्र खाजगीपण हा मूलभूत हक्क नाही, असेही बहुमताने सांगितले. न्या. सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदवून खाजगीपण हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच आवश्यक घटक असल्याचे प्रतिपादन केले. १९७५ च्या गोविंद खटल्यापासून न्यायालये हळूहळू या भिन्नमताच्या दिशेने सरकत गेली आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले. या हक्कावर मर्यादा घालावयाची असेल तर तिला कायद्याचा आधार हवा, तिचे उद्दिष्ट वैध हवे आणि मर्यादा त्या उद्दिष्टाच्या प्रमाणात हवी, या कसोट्याही त्याच निर्णयात स्पष्ट झाल्या.

दूरध्वनीपुरता विचार करता मात्र महत्त्वाचा टप्पा २०१७ च्या बराच आधीचा आहे.

१९९६ चा निर्णय

भारतीय तार अधिनियम १८८५ चा, म्हणजे दूरध्वनी सर्वसामान्य घरांत पोहोचण्याच्या कितीतरी आधीचा. त्याच्या कलम ५(२) ने शासनाला संदेश अडविण्याचा अधिकार दिला होता. या कलमाला १९७२ मध्ये दुरुस्तीने नंतरचे रूप मिळाले. त्या अधिकाराच्या वापराचे नियम मात्र अनेक दशके तयारच झाले नाहीत. अधिकार होता, त्याच्या वापराची कार्यपद्धती नव्हती. १९८८ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना टॅपिंगच्या आरोपांवरून राजीनामा द्यावा लागला. १९९१ मध्ये राजकीय नेत्यांच्या दूरध्वनींच्या टॅपिंगविषयीचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल 'मेनस्ट्रीम' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्या आधारे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

१८ डिसेंबर १९९६ रोजी, योगायोगाने खरक सिंग निर्णयाच्याच तारखेला, न्या. कुलदीप सिंग व न्या. सघीर अहमद यांच्या पीठाने निर्णय दिला. घरात किंवा कार्यालयात कोणाच्याही व्यत्ययाविना दूरध्वनीवर बोलणे हा खाजगी जीवनाचा भाग आहे, असे न्यायालयाने मानले. त्याचबरोबर कलम ५(२) रद्द न करता त्याचा अर्थ नेमका केला. तो अर्थ असा की, या कलमात दोन पायऱ्या आहेत. प्रथम 'सार्वजनिक आणीबाणी' उद्भवलेली असली पाहिजे किंवा 'सार्वजनिक सुरक्षितते'चे हित गुंतलेले असले पाहिजे. ही पहिली पायरी ओलांडल्यावरच देशाचे सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्यास चिथावणी रोखणे यांपैकी एखादे कारण पुढे करता येते आणि तेही लेखी नोंदवावे लागते. सार्वजनिक सुरक्षितता म्हणजे एकूण जनतेची संकटापासून मुक्तता, असा अर्थ न्यायालयाने दिला. आणि अशी परिस्थिती गुप्त नसते, ती कोणाही समंजस माणसाला दिसू शकते, असे बजावले.

येथेच तराजूची उपमा अपुरी पडते. कायद्याने सार्वजनिक सुरक्षितता हे पारड्यात टाकावयाचे वजन मानलेले नाही. ती उंबरठा आहे. उंबरठा ओलांडला गेला नसेल तर आतील कोणत्याही कारणाचा विचारच करावयाचा नसतो, मग तपास कितीही निकडीचा असो.

न्यायालयाने कार्यपद्धतीही आखून दिली. टॅपिंगचा आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांनीच द्यावा, ती माहिती अन्य मार्गाने मिळू शकते का हे आधी पाहावे, आदेशाची मुदत दोन महिने व वाढीव मुदतीसह एकूण सहा महिन्यांपेक्षा अधिक नसावी, आणि सचिवांच्या पुनर्विलोकन समितीने प्रत्येक आदेश तपासावा, असे तिचे स्वरूप होते. २००७ मध्ये तार नियमांत ४१९-अ हा नियम घालून तिला वैधानिक रूप मिळाले. याचिकाकर्त्यांची एक मागणी मात्र मान्य झाली नाही. टॅपिंगपूर्वी न्यायाधीशाची परवानगी असावी, ही ती मागणी होती. कायद्यातच तशी तरतूद नसताना न्यायालय ती निर्माण करू शकत नाही, असे उत्तर मिळाले. ही उणीव संसदेने भरून काढावयाची होती. ती आजतागायत भरली गेलेली नाही.

उंबरठ्याची उंची

सुरक्षिततेचा हा उंबरठा निःसंशय ओलांडला जातो, अशा घटना महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला तेव्हा दहशतवादी व त्यांचे सीमेपलीकडील सूत्रधार यांच्यातील संभाषणे हल्ला चालू असतानाच ऐकली व ध्वनिमुद्रित केली गेली. या संभाषणांचा तपशील सर्वोच्च न्यायालयाच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निर्णयात विस्ताराने आलेला आहे आणि कटाचे मूळ सिद्ध करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्या रात्री 'सार्वजनिक सुरक्षितता' या शब्दांचा अर्थ लावण्यासाठी कोणालाही कायद्याचा ग्रंथ उघडावा लागला नसता. खाजगीपणाचा पुरस्कार करणाऱ्यांनी हे उदाहरण टाळून पुढे जाऊ नये. टॅपिंगचा अधिकारच नको, ही भूमिका टिकणारी नाही.

अडचण त्या रात्रीची नाही, एरवीच्या दिवसांची आहे. लाचखोरी, करचुकवेगिरी, सट्टा हे गुन्हे समाजाला पोखरतात हे खरे. पण ते सार्वजनिक सुरक्षिततेला बाधक आहेत काय? दूरध्वनीवरून चालणाऱ्या सट्ट्यामुळे दूरध्वनी तोडण्यात आल्याच्या हुकमचंद श्यामलाल खटल्यात, १९७० च्या दशकातच, सर्वोच्च न्यायालयाने नुसती आर्थिक आणीबाणी म्हणजे आपोआप सार्वजनिक आणीबाणी नव्हे, असे सूचित केले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी हाच धागा पुढे नेला. एका सरकारी बँकेतील कथित लाचखोरीच्या तपासात एका व्यावसायिकाच्या दूरध्वनीविषयी २००९-१० मध्ये काढलेले तीन आदेश न्यायालयाने रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी वा सुरक्षितता यांचा मागमूसही तेथे आढळत नव्हता.

तरीही मतभेद संपलेले नाहीत. जून २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, सुमारे २,१५० कोटी रुपयांच्या सार्वजनिक बांधकाम प्रकल्पाशी निगडित लाचखोरीच्या प्रकरणात, भ्रष्टाचाराचे आर्थिक प्रमाण मोठे असेल तर त्यात सार्वजनिक सुरक्षितता गुंतते असा अर्थ लावून टॅपिंग वैध ठरविले. त्यानंतर आठवड्याभरातच मद्रास उच्च न्यायालयाने प्राप्तिकराशी संबंधित लाचेच्या प्रकरणातील २०११ चा आदेश रद्द करून नेमकी उलट भूमिका घेतली. दिल्लीचा अर्थ स्वीकारला तर प्रश्न असा उरतो की, किती कोटींपासून सुरक्षितता धोक्यात येते? कायद्यात असा आकडा नाही आणि असूही शकत नाही. 'सुरक्षितता' हा शब्द एकदा 'समाजाला अपायकारक ते सर्व' इतका ताणला की दंडसंहितेतील कोणताही गुन्हा त्यात बसतो आणि उंबरठा जमिनीशी सपाट होतो.

संगणकीय माहितीच्या बाबतीत तर विधिमंडळानेच हा उंबरठा काढून टाकला आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६९ मध्ये सार्वजनिक आणीबाणी वा सुरक्षिततेची पूर्वअट नाही. उलट 'कोणत्याही गुन्ह्याचा तपास' हे स्वतंत्र कारण त्यात आहे. परिणामी एकच वाक्य दूरध्वनीवर उच्चारले तर त्याला एक संरक्षण आणि ई-मेलने लिहिले तर त्याहून कमी, अशी विसंगती निर्माण झाली आहे. ही विसंगती विधिमंडळाने जाणीवपूर्वक स्वीकारली असेल, असे तिच्याकडे पाहून वाटत नाही.

महाराष्ट्राचा कायदा

१९९० च्या दशकात मुंबईत संघटित टोळ्यांच्या खंडणीचे मुख्य साधन दूरध्वनीच होता. परदेशात बसलेल्या म्होरक्याचा एक दूरध्वनी व्यापाऱ्याला घाबरवून सोडण्यास पुरेसा असे. या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९, म्हणजेच मोक्का, अस्तित्वात आला. त्याच्या कलम १३ ते १६ मधील संदेश अडविण्याच्या तरतुदी मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये विधिमंडळाच्या अधिकारकक्षेबाहेरच्या म्हणून रद्द केल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने भारत शांतिलाल शहा खटल्यात १ सप्टेंबर २००८ रोजी त्या पुन्हा वैध ठरविल्या.

मोक्का हा कठोर कायदा म्हणून ओळखला जातो आणि ते अयोग्य नाही. पोलीस अधीक्षकापुढील कबुलीजबाब त्यात पुरावा ठरू शकतो. परंतु टॅपिंगपुरते पाहिल्यास हा कठोर कायदा केंद्रीय कायद्यापेक्षा अधिक बांधीव आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जा नसलेल्या अधिकाऱ्यानेच अर्ज करावयाचा. तपासाचे अन्य मार्ग वापरून पाहिले काय, ते का निष्फळ ठरले किंवा का ठरतील, हे अर्जात सांगावयाचे. गृह विभागातील सचिव दर्जाच्या सक्षम प्राधिकाऱ्याने लेखी आदेश द्यावयाचा. आदेश ६० दिवसांचा. आणि गुन्ह्याशी संबंध नसलेले संभाषण कमीत कमी ऐकले जाईल अशी दक्षता घ्यावयाची. नियमबाह्य टॅपिंग करणाऱ्यास कलम १६ खाली एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

या सर्वांहून महत्त्वाचे कलम २७ आहे. टॅपिंगसाठी किती अर्ज आले, किती मंजूर वा नामंजूर झाले, तातडीच्या प्रसंगी किती वेळा आधी ऐकून मग परवानगी घेतली गेली, त्यातून किती खटले उभे राहिले व किती जणांना शिक्षा झाली, याचा वार्षिक अहवाल राज्य शासनाने विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावयाचा आहे. राज्याच्या सुरक्षिततेला बाधक असा मजकूर वगळण्याची मुभा आहे; पण आकडे देण्याचे बंधन आहे. एकाही व्यक्तीचे नाव उघड न होता, एकाही तपासात अडथळा न येता, एकूण अधिकाराचा वापर लोकप्रतिनिधींना तपासता यावा अशी ही योजना आहे. महाविद्यालयांतील राज्यशास्त्राच्या व विधीच्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी याहून हाताशी असलेले साधन क्वचितच सापडेल. या कलमाचा अभ्यास मात्र टॅपिंगविषयी होणाऱ्या वादांच्या मानाने फारच थोडा झालेला दिसतो.

पुनर्विलोकनाचे गणित

केंद्रीय कायद्यात असा अहवाल नाही. तेथे सारा भरवसा पुनर्विलोकन समितीवर आहे. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव आणि राज्यात मुख्य सचिव तिचे अध्यक्ष असतात व इतर सदस्यही सचिवच असतात. म्हणजे एका सचिवाने दिलेला आदेश दुसरे सचिव तपासतात.

या तपासणीचे वास्तव न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या २०१८ च्या अहवालातून समोर येते. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तराचा हवाला देऊन या अहवालाने म्हटले आहे की, केंद्र शासनाकडून दरमहा सुमारे ७,५०० ते ९,००० आदेश दिले जात होते; आणि समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा होत असल्याने प्रत्येक बैठकीपुढे १५,००० ते १८,००० आदेश येत असत. बैठक सलग आठ तास चालली आणि सदस्यांनी चहासाठीही उसंत घेतली नाही असे मानले, तरी २८,८०० सेकंद होतात. म्हणजे एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदांहून कमी वेळ. समितीचे सदस्य कितीही कर्तव्यदक्ष असले तरी या गतीने केवळ कागद उलटता येतात. 'अन्य मार्ग उपलब्ध होता काय' या १९९६ च्या कसोटीवर विचार करणे शक्य नाही.

तार अधिनियमाची जागा घेणाऱ्या दूरसंचार अधिनियम, २०२३ ने ही स्थिती बदलण्याची संधी दिली होती. त्याचे कलम २०(२) सार्वजनिक आणीबाणी व सार्वजनिक सुरक्षितता हेच शब्द कायम ठेवते, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या नियमांनी ४१९-अ ची जागा घेतली. तातडीत ऐकलेल्या संभाषणाला कामकाजाच्या सात दिवसांत मान्यता मिळाली नाही तर ते न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येणार नाही, ही स्वागतार्ह तरतूद त्यांत आहे. पुनर्विलोकन समितीची रचना मात्र सचिवांचीच राहिली. इंग्लंडमध्ये २०१६ च्या कायद्याने मंत्र्याच्या आदेशाला न्यायिक आयुक्ताची संमती आवश्यक केली. अमेरिकेत १९६८ पासून गुन्हे-तपासातील टॅपिंगला न्यायाधीशाचा आदेश लागतो. या दोन्ही देशांतील पोलीस त्यामुळे हतबल झाले, असा अनुभव नाही.

बेकायदा पुराव्याचे काय?

नियम मोडल्याची किंमत काही नसेल तर नियम कागदावरच राहतो. १९७२ च्या आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईतील खटल्यात नेमका हा प्रश्न होता. लाच मागितल्याचा आरोप असलेल्या मृत्युसमीक्षकाचे संभाषण, दूरध्वनीवर बोलणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरच्या संमतीने, पोलिसांनी ध्वनिमुद्रित केले होते. सर्वोच्च न्यायालयाने पुरावा ग्राह्य धरला आणि न्यायालयाचे संरक्षण निरपराध नागरिकासाठी आहे, गुन्हेगारासाठी नाही, अशा आशयाचे विधान केले. एका पक्षाची संमती असल्याने त्या खटल्यातील निष्कर्ष समजण्याजोगा आहे. पण विधानातील तर्क तपासून पाहिला पाहिजे. दूरध्वनी ऐकण्यापूर्वी कोण निरपराध आणि कोण गुन्हेगार हे कोणालाच ठाऊक नसते. ते ठरविण्यासाठीच तर ऐकावयाचे असते.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये केवळ आदेश रद्द करून न थांबता ध्वनिमुद्रणे नष्ट करण्याचाही आदेश दिला, तो या दृष्टीने मोलाचा आहे. अवैध मार्गाने मिळविलेला पुरावा ग्राह्य धरत गेल्यास सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या नियमांना अर्थच उरणार नाही, ही त्यामागील भूमिका होती.

तथापि हा लाभ ज्याच्यावर खटला भरला गेला त्यालाच मिळाला. ध्वनिमुद्रण न्यायालयात आले, म्हणून ते झाल्याचे आरोपीला कळले. ज्याचा दूरध्वनी ऐकला गेला, काहीच आढळले नाही आणि प्रकरण बंद झाले, त्याला कळविण्याची तरतूद भारतीय कायद्यात नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात टॅपिंग संपल्यावर साधारणतः ९० दिवसांच्या आत संबंधित व्यक्तीला कळवावे लागते, न्यायाधीशाने सबळ कारणास्तव मुदत वाढविली नाही तर; जर्मनीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही नंतर कळविण्याचे बंधन आहे. आपल्याकडील नियमांनुसार मात्र गरज नसेल तर दर सहा महिन्यांनी आदेशांच्या नोंदीच नष्ट करावयाच्या असतात. व्यक्तीचे खाजगी बोलणे शासनाच्या कपाटात पडून राहू नये हा त्यामागील हेतू योग्यच आहे. पण ज्याला काही कळविलेच गेले नाही त्याच्या बाबतीत, बोलण्याबरोबर ते ऐकले गेल्याची नोंदही सहा महिन्यांनी नाहीशी होते.